लायसन्स खरं, तरी चालेना

भवानीनगर म्हटलं की छत्रपती साखर कारखाना आधी डोळ्यांपुढं येतो. पण इथं आणि बारामती-इंदापूरच्या पेठेत हिशेबनीस आहेत, डीटीपीवाले आहेत, घराचे नकाशे काढणारी पोरं आहेत. यांचं पोट कॉम्प्युटरवर आहे. त्यांच्याकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलं, पावती आहे, नेट चालू आहे, तरी लायसन्स चुकीचं असल्याचा संदेश येतो.

दोष पुष्कळदा लायसन्सचा नसतो. प्रोग्रॅम कंपनीच्या सर्व्हरकडे खात्री करायला जातो आणि वाटेतच अडतो. विंडोजमध्ये होस्ट्स नावाची एक छोटी फाइल असते. नावावरून यंत्राचा पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ मध्ये आली. त्याआधी नेटवर्कवरच्या यंत्रांची नावं-पत्ते अशाच यादीत ठेवत. यादी मागं पडली, फाइल मात्र राहिली, आणि विंडोज आजही ती विचारात घेतं. कुलूप तोडलेली फुकटची प्रत बसवताना या फाइलमध्ये ओळी घुसवतात : १२७.०.०.१ आणि पुढं कंपनीच्या सर्व्हरचं नाव. हा पत्ता आपल्याच कॉम्प्युटरचा. पत्र पेटीत टाकावं आणि पोस्टमननं ते आपल्याच दारात आणून द्यावं, तशी गत होते. पुढं जुनी प्रत काढून खरी घेतली, तरी त्या ओळी बऱ्याचदा तिथंच राहतात.

आधी तारीख-वेळ बरोबर आहे का बघा. ती चुकली तरी सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. मग मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा. त्यावर चाललं, तर अडथळा बहुधा ऑफिसच्या राउटरमध्ये किंवा फायरवॉलमध्ये आहे. नाही चाललं, तर बहुधा कॉम्प्युटरमध्येच. नोटपॅडवर उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. मग नोटपॅडच्या ‘ओपन’मधून सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी असं आत जा. खाली ‘ऑल फाइल्स’ निवडल्याशिवाय होस्ट्स दिसणार नाही. तिची एक प्रत बाजूला ठेवा. कंपनीचं नाव असलेल्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका, सेव्ह करा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये अनोळखी पत्ता असेल, तर तोही काढा. अँटीव्हायरसची पूर्ण तपासणी कराच. तोडलेल्या प्रतीबरोबर व्हायरसही आलेला असू शकतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये मात्र फायरवॉल बंद करायला जाऊ नका. कंपनीनं दिलेले पत्ते मोकळे करायला लॅबच्या सरांना सांगा. आणि विद्यार्थ्यांनी तर तोडलेली प्रत घेऊच नये. ऑटोकॅड शिक्षणासाठी मोफत मिळतं. लिब्रेऑफिस आणि क्यूजीआयएस तर सगळ्यांनाच मोफत आहेत.

दुकानदार लगेच फॉरमॅट मारू म्हणाला, तर पैसे देण्याआधी होस्ट्स फाइल उघडून दाखवायला सांगा.