भातसाचं पाणी आणि कंपन्यांचा परिसर

फलकावर विषय लांबलचक लिहिला होता : 'शाश्वत विकासासाठी कंपन्यांचं सामाजिक उत्तरदायित्व'. शहापुरातल्या उन्हाळी व्याख्यानमालेतलं हे शेवटून दुसरं पुष्प. वक्ते मुंबईचे, निवृत्त सनदी लेखापाल. कंपन्यांचे ताळेबंद तपासण्यात हयात गेलेली. सत्कार, नारळ, शाल झाल्यावर त्यांनी समोरचा पेला उचलला आणि विचारलं, "हे पाणी कुठलं?" "बोअरचं," आयोजकांनी सांगितलं. "आणि मी सकाळी मुंबईत प्यायलो ते तुमच्या भातसा धरणाचं!" हशा पिकला. पुढचं बरंचसं व्याख्यान त्या पाण्यामागेच गेलं.

कायदा त्यांनी "तुम्हाला ठाऊकच आहे" म्हणत उरकला. कंपनी कायदा 2013, कलम 135, अंमल 1 एप्रिल 2014 पासून. नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांतला एक जरी आकडा गाठला तरी मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायचे. किती जणांना हे खरंच ठाऊक होतं कोण जाणे; पुढच्या रांगेतले पतपेढीचे संचालक तेवढे मान डोलावत होते.

त्याच कलमात एक छोटी तरतूद आहे. हा खर्च करताना कंपनीने आपलं काम जिथे चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं. परिसर म्हणजे किती किलोमीटर, ते मात्र कायदा सांगत नाही. वक्त्यांचा लाडका मुद्दा इथून सुरू झाला. वासिंदच्या जेएसडब्ल्यूच्या पोलाद कारखान्याचा परिसर शोधायला नकाशा लागत नाही. मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या लहान शेडवाल्याला हा कायदा बहुधा लागूच होत नाही. पण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बँकेचा परिसर कोणता? त्यांचं उत्तर तयार होतं : तिच्या नळाला जिथून पाणी येतं तो.

मग इतिहास निघाला. 1892 साली तानसा धरण बांधून झालं, तेव्हापासून शहापूर तालुका मुंबईला पाणी पाजतो आहे. पुढे भातसा झालं, 2014 मध्ये मध्य वैतरणाची भर पडली. भातसातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रातून पिसेपर्यंत जातं, तिथे ते उपसतात आणि पांजरापूर नि भांडुपला शुद्ध करून शहरात सोडतात. मुंबईला रोज मिळणाऱ्या साधारण 385 कोटी लिटरपैकी जवळपास निम्मं एकट्या भातसाचं. इकडे कसारा-डोळखांबच्या बाजूला पाड्यांच्या विहिरी फेब्रुवारी-मार्चमध्येच तळ दाखवतात. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, पण खाली काळा पाषाण आणि वर उतार; पाणी मुरायच्या आत खोऱ्यात पळतं. धरण खोऱ्यात, ठाकूर-कातकऱ्यांचे पाडे वर. 97 गावं आणि 259 पाड्यांसाठी आखलेल्या योजनेचं पाणीही इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून यायचं आहे, हे वक्त्यांनी सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही.

मागून आवाज आला, "साहेब, पाणी घेते महापालिका. ती कुठे कंपनी आहे?"

वक्ते जरा चढ्या आवाजात म्हणाले, "घेते महापालिका, पिते कोण?" आणि त्यांनी बारवी धरणाचा दाखला दिला. एमआयडीसीच्या या धरणाची उंची वाढवली तेव्हा मुरबाड तालुक्यातली गावं उठली. त्या विस्थापितांच्या घरटी एकाला नोकरी द्यायचं ठरलं, आणि त्या नोकऱ्यांचा वाटा बारवीचं पाणी घेणाऱ्या महापालिकांनीही उचलायचा असं ठरलं. पाणी घेणाऱ्याचं देणं लागतं, हे तत्त्व याच जिल्ह्यात सरकारने मान्य केलेलं आहे. दाखला बिनतोड होता. तो त्यांनी आणखी ताणायला हवा होता.

पण तेवढ्यात मुरबाडचं नाव निघालं आणि गाडी फांगण्याला वळली. फांगणे हे मुरबाड तालुक्यातलं लहानसं गाव. 2016 च्या शिवजयंतीला गावातल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या की आम्हालाही वाचता यायला हवं होतं. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं. अंबरनाथच्या मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने हातभार लावला आणि 8 मार्चला आजीबाईंची शाळा भरली. गुलाबी लुगडी, दप्तर, पाटी, वर्गात तीसेक आज्या. साठीच्या पुढच्याच सगळ्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या. वक्ते रंगात आले. बँकेत अंगठ्याऐवजी सही करणाऱ्या आजीची नक्कल केली, दुपारचं दोन तासांचं वेळापत्रक सांगितलं, सुनेकडून गृहपाठ करून घेणाऱ्या सासूवर विनोद केला. एक शिक्षिका उठून म्हणाल्या, "शाळा आमच्या मुरबाडची, टाळ्या शहापूरकर कसल्या वाजवताय?" सभागृह पुन्हा हसलं. मागितलं ते देण्याच्या या दोन मिनिटांच्या दाखल्याने वीस मिनिटं खाल्ली.

एका वकिलांनी मग शांतपणे दोन हरकती घेतल्या. एक, दलाल ट्रस्ट म्हणजे कंपनी नव्हे आणि ते पैसे दोन टक्क्यांतले नव्हेत. दुसरी हरकत जास्त अडचणीची : परिसराला प्राधान्य देणं सक्तीचं नाही, असा खुलासा केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट 2021 मध्येच केला आहे. वक्त्यांनी पहिली हरकत झेलली : मुद्दा पैसा कुणाचा हा नाही. आज्यांनी मागितलं तेच त्यांना मिळालं. कंपन्या मात्र न विचारता दप्तरं आणि पाणी गाळायची यंत्रं वाटून फोटो काढतात, असं ते म्हणाले. दुसरीवर मात्र "सक्ती नाही म्हणजे मनाईही नाही" एवढंच बोलून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आसनगावहून लोकल गाठायची होती.

नळाचा हा निकष शेवटपर्यंत नेला तर तो थोडा अडखळतो. मुंबईतल्या कंपनीला गोवंडी-मानखुर्दही परिसरच आहे, आणि ऊर्ध्व वैतरणाचा इगतपुरीकरही उद्या हाच हक्क सांगेल. तरी नफा जिथे मोजला जातो तिथेच तो परत फिरतो, या आजच्या रिवाजापेक्षा वक्त्यांचं म्हणणं न्यायाला जवळचं आहे.

सगळ्यात कामाचं ते शेवटच्या पाच मिनिटांत बोलले, माइकवाला वायर गुंडाळायला लागल्यावर. कंपनीचा दीर्घ प्रकल्पही सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांत संपवावा लागतो. चौथ्या वर्षी पंपाची मोटर जळाली की ती कोणाची? म्हणून झरे बांधून काढणं, गाळ उपसणं, पाऊस सरताच वनराई बंधारे घालणं अशी पाड्यालाच सांभाळता येतील ती कामं मागावीत. दोन टक्क्यांतला हा निधी घेणाऱ्या संस्थेला 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी लागते, ती आधी करावी. कंपनीची समिती वर्षाचा कृती आराखडा ठरवते आणि मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर टाकावे लागतात. ते उघडून पाहावेत.

शहापूर-मुरबाडच्या ग्रामपंचायतींनी निदान एवढं करावं : कोणत्या पाड्याची विहीर कोणत्या महिन्यात आटते याची यादी ग्रामसभेत मंजूर करावी आणि नवं आर्थिक वर्ष लागण्याआधी ती मुंबईच्या कंपन्यांना पाठवावी.