पाच मिनिटांचा चित्रपट आणि दहा जणांचे हात



नाटक बसवणे आपल्या गावांना नवे नाही. जत्रेतला वग, गणपतीतले नाटक, शाळेच्या स्नेहसंमेलनातली नाटिका; तोंडाला रंग लावलेला एखादा तरी माणूस प्रत्येक आळीत निघतोच. आता मोबाइल फोनमुळे चित्रपटाचा कॅमेराही घरात येऊन बसला आहे. तेव्हा आज मी आपल्यापुढे, आणि विशेषतः गुरुजी-बाईंपुढे, एक बेत मांडणार आहे. केंद्रातल्या चार-पाच शाळांनी पाच-पाच मिनिटांचे लघुपट करावेत आणि एका संध्याकाळी सर्वांनी ते एकत्र बसून पाहावेत. स्पर्धा म्हणा हवी तर, पण घरच्या घरी खेळावी तशी.

अशा खेळाचा एक नमुना परदेशात आहे. २००१ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात ४८ तासांत चित्रपट करण्याचा उपक्रम सुरू झाला. शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक संघ चिठ्ठी उचलतो, त्यात कथेचा प्रकार निघतो. शिवाय एक पात्र, एक वस्तू आणि एक वाक्य सर्वांना सारखेच दिले जाते. लिहिणे, चित्रण, जोडणी, सगळे रविवारी संध्याकाळपर्यंत उरकायचे. पुढे हा उपक्रम जगातल्या अनेक शहरांत पोचला, मुंबईतही आला. त्यातली वस्तूची युक्ती मला फार आवडते. आधीच करून ठेवलेला चित्रपट कोणाला आणता येत नाही, आणि एकाच वस्तूवरून पाच गावांना काय काय सुचले ते पाहण्यात मजा असते ती वेगळीच.

गोष्ट कोणती घ्यावी, हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात. माझे म्हणणे, आधी माणसे मोजा. कोण कोण आहे, कोणाला काय येते, रविवारी बाजाराला कोण जाणार, हे कागदावर मांडा, गोष्ट त्यानंतर. राजाच्या दरबाराची गोष्ट लिहून मग पगडी शोधत हिंडलात, तर रविवार तिथेच मावळेल.

दादासाहेब फाळक्यांचेच बघा ना. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत लोकांपुढे आला. तारामतीच्या कामाला एकही बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदासाचे काम फाळक्यांच्या मुलाने, भालचंद्राने केले. आणि सरस्वतीबाई फाळके? सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे होताच. शिवाय कच्च्या फिल्मच्या कडेला भोके पाडणे, ती धुण्याची रसायने कालवणे, हीही कामे त्या करीत. भोके नसती तर फिल्म कॅमेऱ्यात सरकलीच नसती. पडद्यावर त्या दिसत नाहीत, एवढेच.

हे सांगण्याला कारण आहे. अशा संघात पहिले भांडण फोनवरून होते. ज्याचा फोन त्याचा चित्रपट, अशी रीत न सांगता पडते. मग त्याचाच मित्र नायक होतो आणि मुलींच्या वाट्याला चहा येतो. गुरुजी, इथे तुम्ही आधीच खुंटी मारून ठेवा. दोन दिवस तो फोन संघाचा. ज्याच्या घरचा आहे त्याने आवाजाकडे किंवा कपड्यांकडे बघावे, आणि कॅमेरा आळीपाळीने फिरावा. आणखी एक. दिग्दर्शन गुरुजींनी करू नये. ढाल मिळावी म्हणून संवाद गुरुजींनी लिहायचे आणि मुलांनी ते पाठ म्हणायचे, तर त्याला चित्रपटाची खटपट कशाला हवी?

समजा, चिठ्ठीत कळशी निघाली. लगेच कोणीतरी म्हणेल, 'पाणी वाचवा' यावर करू. नको हो. तो उपदेश गावाने शंभरदा ऐकला आहे. त्यापेक्षा असे बघा. सकाळची नळाची रांग; एका मुलीची कळशी रांगेत पाचवी. शाळेची घंटा वाजते, ती नुसती मान वळवते. वर्गात हजेरी चालू आहे, तिच्या नावापुढे लाल शाईने गैरहजेरी पडते. ती दारात येते तेव्हा हजेरीपुस्तक मिटलेले. असे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी शाळेचा माठ कोरडा, शिपाई रजेवर, म्हणून गुरुजी स्वतः कळशी घेऊन नळावर जातात आणि रांगेत उभे राहतात. पुढे तीच मुलगी. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना गुरुजी तिच्या नावाशी थबकतात, ते गाळून पुढे जातात, सगळी नावे संपवतात आणि दाराकडे पाहत बसतात. पावले वाजतात. तेव्हा ते तिचे नाव घेतात. पोरांची नावे सोडली तर बोलण्याचा शब्द एकच: 'हजर'.

आता यात किती हात लागले ते मोजा. मुलगी, गुरुजी, रांगेतल्या बाया. कॅमेरा धरणारा, आवाज घेणारा, उन्हात पांढरी चादर धरून चेहऱ्यावर उजेड पाडणारी, रस्त्यावरचे ट्रॅक्टर दोन मिनिटे थोपवणारा, आणि वही घेऊन बसलेली एक चौकस मुलगी, जिला कालच्या वेणीत रिबीन कुठली होती ते ठाऊक असते. गुरुजींचे काम खऱ्या गुरुजींनी केले तर बहार येईल. मात्र सातवीतली दिग्दर्शिका 'पुन्हा एकदा' म्हणाली की पुन्हा रांगेत उभे राहायचे, बरं का!

चित्रणाच्या चार गोष्टी पटकन सांगतो. फोन आडवा धरा. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणून सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर काम करा. चित्र बिघडलेले एकवेळ चालते, आवाज बिघडला की लोक उठतात. बोलणाऱ्याजवळ दुसरा फोन झाकून ठेवा, पंखे बंद करा आणि प्रत्येक तुकड्याच्या आरंभी एक टाळी वाजवा; जोडताना चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. सिनेमातली गाणी उचलून लावू नका, ती दुसऱ्याच्या मालकीची. गावातल्या एखाद्या आजींना ओवी म्हणायला विचारा, आणि ती चित्रपटात घालू का, हेही विचारा. मुलांच्या आईबापांची संमती आधी घ्या. रांगेतली एखादी बाई नको म्हणाली, तर तिच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. मग ते चित्र कितीही छान असो.

निकालाचे सांगतो. आपल्याच संघाला मत द्यायचे नाही. शिवाय प्रत्येक संघाने दुसऱ्यांच्या चित्रपटातला एक तुकडा उभे राहून सांगायचा, जो आपल्याला सुचायला हवा होता असे वाटले. नावे वाचताना चादर धरणारीचे नाव नायिकेच्याच आवाजात वाचा.

प्रोजेक्टर केंद्रशाळेत नसला तर जवळच्या हायस्कुलातून मागून आणता येतो. पडद्याला तीच पांढरी चादर पुरेल. वारा असला तर तिच्या खालच्या कडेला दोन विटा बांधा, आणि लहान पोरांना पुढे बसवा.