स्क्वीजीचा हात



२०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि कापडी पिशवीचे दिवस परत आले. ठिकठिकाणचे बचत गट पिशव्या शिवतात. त्यांवर दुकानाचं नाव किंवा लग्नघराचा निरोप छापून दिला, तर त्याच पिशवीला चार पैसे जास्त मिळतात. ही छपाई घरच्या घरी होते. चौकटीवर ताणून बसवलेली पॉलिएस्टरची जाळी, शाई आणि मुठीत बसवलेली रबराची पट्टी, म्हणजे स्क्वीजी, एवढं असलं की कामाला सुरुवात करता येते.

ही छपाई शिकणाऱ्यांचे हात मी बरीच वर्षं बघत आलो आहे. छपाई फिकी आली, की पहिली प्रतिक्रिया एकच असते: स्क्वीजी आणखी दाबायची. आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. म्हणून आज मी फक्त स्क्वीजीच्या हाताबद्दल बोलणार आहे.

आधी शाई कापडावर जाते कशी, ते पाहू. जाळी कापडाला टेकलेली नसते, थोडी वर असते. स्क्वीजी ओढताना रबराच्या धारेखालची तेवढी एकच रेघ कापडाला टेकते. धार पुढे सरकली, की ताणलेली जाळी मागच्या मागे उचलली जाते आणि छिद्रांतली शाई कापडाला धरून राहते. म्हणजे स्क्वीजीची कामं दोन. जाळी कापडापर्यंत नेणं आणि वरची जास्तीची शाई निपटून काढणं. शाई कापडात कोंबणं हे तिचं काम नाही.

जास्त दाबलं की काय होतं? रबर वाकतं. धारेऐवजी त्याचा सपाट भाग जाळीवर घासू लागतो, शाई गरजेपेक्षा जास्त उतरते आणि अक्षरांच्या कडांखाली पसरते. जाळी ओढली जाऊन डिझाइन किंचित सरकतं. एकरंगी छपाईत ते लपून जातं. दोन रंग असले, की दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नाही.

आता मांडणी. जाळी आणि पिशवी यांच्यामध्ये साधारण ३ मिलिमीटर अंतर ठेवा. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली, की जवळपास तेवढं होतं. कागदावर छापताना याच्या निम्मं पुरतं. पिशवीच्या आत पुठ्ठा घाला, नाहीतर शाई मागच्या बाजूला उतरते आणि शिवणीचा उंचवटाही छपाईत दिसतो. स्क्वीजी डिझाइनपेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं रुंद असावी. मात्र ती चौकटीच्या अगदी कडेला भिडू नये, कारण चौकटीजवळ जाळी ताठ असते आणि खाली जायला तयार नसते.

रबर घेताना त्याचा कडकपणा विचारा. तो 'शोअर' या मापात सांगतात. सुती पिशवीला ६० ते ७० चालतं. लग्नपत्रिकेवरची बारीक अक्षरं किंवा गुळगुळीत कागद असेल तर ७५ ते ८० घ्या. मऊ रबर जास्त शाई सोडतं, कडक रबर कमी सोडतं आणि कडा स्वच्छ ठेवतं.

आता हात. आधी चौकट थोडी उचला आणि हलक्या हाताने शाईचा पातळ थर डिझाइनवरून पसरवून घ्या. छिद्रं शाईने भरतात, शिवाय पाण्यावर आधारित शाई जाळीत वाळत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हे विसरून चालत नाही. जाळीवर थेट पंख्याचा वारा येऊ देऊ नका आणि मध्येच उठावं लागलं, तर शाईचा थर पसरवूनच उठा.

मग चौकट खाली ठेवा. स्क्वीजी दोन्ही हातांनी धरा आणि ओढण्याच्या दिशेला थोडी कलती ठेवा, म्हणजे जमिनीशी साधारण ७५ अंशांचा कोन होईल. सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाच कोन राहिला पाहिजे. शेवटी मनगट खाली पडतं, स्क्वीजी आडवी होते आणि नेमकी खालची ओळ जाड छापली जाते. म्हणून उभं राहून काम करा. मनगटं स्थिर ठेवा आणि सगळं अंग मागे नेत ओढा. पोळी लाटताना लाटण्याच्या दोन्ही टोकांवर हात सारखा पडावा लागतो, तसाच इथेही पडला पाहिजे. ओढणं एका दमात, सारख्या वेगाने. मध्ये थांबलात तर तिथे आडवी रेघ उमटते. दिवसभराचं काम असेल आणि पाठ-खांदे भरून येत असतील, तर ओढण्याऐवजी पुढे ढकलून बघा. कोन मात्र तेव्हा ढकलण्याच्या दिशेला ठेवा.

छपाई फिकी आली, तर दाब वाढवण्याआधी क्रमाने तपासा. शाई फार घट्ट झाली आहे का? छिद्रं वाळून बुजली आहेत का? जाळी सैल पडली आहे का? आणि रबराची धार गोल झाली आहे का? नखाने चाचपून पाहा, कड टोकदार लागली पाहिजे. बोथट झाली असेल, तर सरळ फळीवर पॉलिश पेपर चिकटवा, स्क्वीजी त्यावर अगदी उभी धरा आणि लांबीच्या दिशेने घासा. आधी १२० नंबर, मग २२०. धारेला खाच पडली, की प्रत्येक छपाईत त्याच जागी उभी रेघ येते. ती दाबाने कधीच जात नाही.

काम संपलं की स्क्वीजी लगेच पुसा. ती थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, रबर फुगतं आणि धार वाकडी होते. थिनर वापरताना खिडक्या उघड्या ठेवा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. ठेवताना रबर वर, मूठ खाली.

शेवटी एक सराव सांगतो. शिवलेल्या पिशवीत तुमचे कष्ट आधीच गेलेले असतात, म्हणून तो पिशवीवर करू नका. जुन्या सुती चादरीचे तुकडे घ्या. पहिला हात इतका हलका मारा, की छपाई अपुरी येईल. मग प्रत्येक तुकड्याला दाब थोडा थोडा वाढवा आणि दर वेळी जाळी वरून बघा. ज्या दाबाला डिझाइनवरची शाई स्वच्छ निपटली जाऊन जाळीचे धागे दिसू लागतात, तो तुमचा दाब. त्याच्या पुढे जायचं नाही. तो हाताला बसेपर्यंत तुकड्यांवरच छापत राहा आणि मगच पिशव्यांची ऑर्डर घ्या.