‘आरटीए’ या तीन अक्षरांत काय काय हरवतं

बाईक चालवता चालवता ऐकत असाल तर आधी इअरफोन काढा, घरी पोहोचल्यावर ऐका. आजचा विषयही बाईकचाच आहे.

ऐरोली-महापे पट्ट्यात मेडिकल कोडिंगची कामं चालतात, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. एखादा मित्र, एखादी ताई तिथे असेलच. सी-प्लस-प्लसवालं कोडिंग नाही हं हे. अमेरिकेतल्या डॉक्टरने लिहिलेली केस वाचायची आणि प्रत्येक दुखापतीला ठरलेला कोड द्यायचा. त्या कोडवरून तिथल्या हॉस्पिटलचं बिल इन्शुरन्सकडे जातं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला हे असं दिसतं: मोकळं टेक्स्ट आत जातं आणि स्ट्रक्चर्ड डेटा बाहेर येतो.

एक कोड उलगडून बघू. एस८२.२०१ए. एस म्हणजे इथे इजा. ८२ म्हणजे गुडघ्याखालच्या पायाचं फ्रॅक्चर, घोटा धरून. पुढचा २ सांगतो की नडगीच्या हाडाचा मधला दांडा मोडलाय. शून्य म्हणजे फ्रॅक्चर नेमकं कुठल्या प्रकारचं ते लिहिलेलं नाही. १ म्हणजे उजवा पाय. डावा असता तर २. शेवटचा ए सांगतो की फ्रॅक्चर बंद आहे आणि मुख्य उपचार चालू आहेत. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर जखम किती मोठी त्यानुसार बी किंवा सी. हाड नीट जुळतंय आणि पुढच्या तपासण्या चालू आहेत, तर डी.

कोडरचा पहिला नियम असा की अंदाज लावायचा नाही. कागदावर नाही, तर कोडात नाही.

हे झालं काय मोडलं त्याचं. कसं मोडलं त्यासाठी वेगळे कोड आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या यादीत मोटरसायकलस्वारांसाठी व्ही२० ते व्ही२९ असा अख्खा गट आहे. आपल्या रस्त्यांवर लावून बघा. कुत्रा आडवा आला आणि धडकलात: व्ही२०. रिक्षाला किंवा दुसऱ्या बाईकला ठोकलं: व्ही२२. कारला: व्ही२३. एनएमएमटीची बस किंवा उरण फाट्याकडे वळणारा कंटेनर: व्ही२४. दुभाजकावर आदळलात: व्ही२७. कोणाला न धडकता नुसतेच घसरून पडलात: व्ही२८.

टिंबानंतरचा आकडा तर फारच कामाचा. सार्वजनिक रस्त्यावरच्या अपघातात ४ म्हणजे चालवणारा आणि ५ म्हणजे मागे बसलेला. स्पीडब्रेकरवर मागे बसलेल्या काकू उडून पडल्या, तर व्ही२८.५. तीन आकड्यांत पूर्ण गोष्ट!

आता आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत काय होतं बघा. गर्दी, धावपळ, डॉक्टर एकटे, पेशंटला शुद्ध नाही, सोबतचा माणूस घाबरलेला. केसपेपरवर एक ओळ पडते: ‘अलेज्ड हिस्टरी ऑफ आरटीए’. आरटीए म्हणजे रोड ट्रॅफिक ॲक्सिडेंट. डॉक्टरांना दोष द्यायचा नाहीये, त्या क्षणी जीव वाचवणं हेच काम. पण त्या ओळीवरून कोडर काय करणार? बाईकचा उल्लेख असेल तर व्ही२९.९, म्हणजे मोटरसायकलस्वार, अपघात कसा ते माहीत नाही. बाईकचाही उल्लेख नसेल तर व्ही८९.२, म्हणजे कुठल्यातरी मोटार वाहनाचा अपघात. आपल्या भाषेत, इनपुट रिकामं म्हणून डिफॉल्ट व्हॅल्यू बसली. काकू, स्पीडब्रेकर, सगळं गायब.

मग बिघडलं कुठे? जे नोंदलं जातं तेच मोजलं जातं. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यात हेल्मेट नसलेले ५०,०२९ होते: ३५,६९२ चालवणारे आणि १४,३३७ मागे बसलेले. हा मागे बसलेल्यांचा आकडा आपल्याला कळतो, कारण पोलिसांच्या नोंदीत तो वेगळा विचारला जातो. उलट व्ही२० ते व्ही२९ या कोडांत हेल्मेटला जागाच नाही. खड्ड्यालाही नाही. खड्डा चुकवताना कंटेनरला धडकलात तर कोड पडणार व्ही२४. खड्डा उरतो फक्त डॉक्टरच्या वाक्यात, तोही कोणी सांगितला तर.

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असंही नाही. कारणांचे हे कोड तिथेही देशभर सक्तीचे नाहीत. आपल्याकडेही काम सुरू आहे: आयआयटी मद्रासने बनवलेल्या आयरॅड प्रणालीत पोलीस, आरटीओ, रस्ते विभाग आणि हॉस्पिटल यांची माहिती एकत्र आणायची आहे. पण सिस्टीम कितीही भारी असली तरी आत काय टाकलं त्यावरच सगळं.

आणि हे नुसतं आकडेवारीपुरतं नाही. भरपाईचा दावा लागला तर तुम्ही चालवत होतात की मागे होतात, हा प्रश्न येतोच. तेव्हा हॉस्पिटलचे कागदही बघितले जातात. सहा महिन्यांनी ‘अहो, मी मागे बसलो होतो’ असं सांगण्यापेक्षा पहिल्या दिवशी लिहिलेली एक ओळ जास्त वजनदार.

म्हणून सोबत गेलात तर पाच गोष्टी सांगा. चालवत होता की मागे बसला होता? कशाला धडकला, की नुसताच घसरला? रस्त्यावर की सोसायटीच्या आवारात? हेल्मेट होतं का? आणि मार कुठल्या बाजूला, डाव्या की उजव्या? माहीत आहे तेवढंच सांगा, अंदाज नको. डिस्चार्ज घेताना तो कागद तिथेच वाचा. उजव्याचं डावं झालं असेल तर त्याच वेळी दुरुस्त करून मागा.

तुम्ही वाटेवरचे अनोळखी असाल तरी घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-ए मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. १०८ ला फोन करा, आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते ॲम्ब्युलन्सवाल्यांना दोन वाक्यांत सांगा. पेशंट बेशुद्ध असेल तर ती गोष्ट सांगणारे त्या क्षणी तुम्हीच असता.

अजून एक कामाची गोष्ट: मे २०२५ पासून केंद्राची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार, ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये. विचारायला लाजू नका.

आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही रोज ज्याच्या मागे बसून स्टेशनला जाता, त्याला हा भाग पाठवा. आणि मागे बसणाऱ्याने पण हेल्मेट घालायचं असतं, बरं का. भेटू पुढच्या भागात.