परदेशगमन व जन्मतारखेची नोंद

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस बोलावयास सांगितले व विषय मात्र आमच्यावरच सोपविला. आम्ही मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत ३६ वर्षे खडू झिजविलेले शिक्षक. विद्वत्तेचे व्याख्यान आमच्याने होणे नाही. परंतु २०२४ साली एका जुन्या विद्यार्थ्यासोबत मुंबईच्या अमेरिकन वकिलातीच्या दारापर्यंत जाण्याचा प्रसंग आला, आणि तेथे आमच्याच हातची एक जुनी नोंद आमच्यापुढे उभी राहिली. ती हकिकत सांगतो.

महाड-पोलादपूरकडचा माणूस पूर्वी पोटासाठी मुंबईस जाई. आता मंडळाच्या सभासद-यादीतही परदेशचे पत्ते दिसू लागले आहेत. १९४६ च्या कायद्याने अमेरिकेने हिंदी लोकांस वर्षास अवघ्या १०० जागा ठेविल्या होत्या. १९६५ च्या कायद्याने ती जुनी पद्धत गेली व आप्तसंबंधाच्या आधारे कायमचे राहावयास जाण्याची वाट रुंद झाली. मात्र ती सर्वांस सारखी नाही. तेथील नागरिक झालेल्या सज्ञान मुलाने आईबापांस बोलाविले तर संख्येची मर्यादा आड येत नाही. भावाबहिणीस बोलाविल्यास साऱ्या जगासाठी वर्षाला ६५,००० जागा, आणि त्यात प्रत्येक देशाचा वाटा मर्यादित. आपल्या विद्यार्थ्याची थोरली बहीण लग्न होऊन १९९६ साली न्यू जर्सीस गेली व पुढे तेथील नागरिक झाली. तिने २००५ अखेरीस भावासाठी अर्ज केला. पाळी आली २०२४ साली. एकोणीस वर्षे! अर्ज केला तेव्हा भाऊ तिशीच्या आत होता. पाळी आली तेव्हा केस पिकले होते.

पाळी आल्यावर कागदांची धावपळ सुरू झाली. जन्माचा दाखला, विवाहाचा दाखला, पोलिसांचा दाखला. बहिणीचा जन्मदाखला माहेरच्या ट्रंकेत होता. तो २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिखलाने लगदा झाला. नवी नक्कल काढली. तीवर जिल्हा कुलाबा, भावाच्या पासपोर्टावर जिल्हा रायगड. १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचे नाव रायगड झाले हे आपण जाणतो. परक्या माणसास मुंबईतला कुलाबा वाटावयाचा. पण हे कोडे एका ओळीच्या खुलाशाने सुटण्याजोगे होते.

खरी अडचण निराळीच निघाली. बहिणीचा जन्म जानेवारी १९७५ चा. भावाचा, शाळेच्या दाखल्याप्रमाणे व त्यावरून काढलेल्या पासपोर्टाप्रमाणे, १ जून १९७५ चा. एकाच आईच्या पोटची ही दोन भावंडे, अंतर साडेचार महिने! विद्यार्थी तो दाखला घेऊन आमच्या घरी आला. "गुरुजी, हे अक्षर तुमचंच ना?" एवढेच त्याने विचारले.

अक्षर आमचेच होते. जून १९८१ मध्ये पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवर आमची पहिलीच नेमणूक झाली. एकशिक्षकी शाळा, पट तोकडा. पट घसरला तर शाळेचे काय होईल, ही धास्ती. घरोघर हिंडून मुले गोळा केली. आईबापांस तारखा ठाऊक नव्हत्या. कोणी भातलावणी सांगे, कोणी शिमगा. सहा वर्षे पुरी झालेले मूल हवे, म्हणून आम्ही १ जून ही तारीख धरून मागचे साल लिहीत गेलो. त्या काळी कित्येक शाळांत हेच चाले. आज महाराष्ट्रात १ जूनचे वाढदिवस इतके का, याचे कारण त्या रजिस्टरांत आहे. या मुलाची आई तेव्हा म्हणाली होती, "गुरुजी, ह्यो गणपतीच्या आदल्या आठवड्यातला, लहान हाय अजून." आम्ही ऐकले आणि १९७५ लिहिले.

सुदैवाने ग्रामपंचायतीच्या जुन्या जन्मनोंदीत ऑगस्ट १९७६ ची एक ओळ सापडली. आईबापांची नावे होती. मुलाच्या नावाची जागा कोरी होती. ती रीतसर भरून दाखला मिळाला. शाळेच्या रजिस्टरातील तारीख मात्र विद्यार्थी शाळा सोडून गेल्यावर सहसा बदलता येत नाही. तेव्हा लिहिणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे असे ठरले. टंकलेखकाने मसुद्यात "नजरचुकीने" असा शब्द घातला होता. आमच्या कुटुंबाने सुचविले, "पेन्शनीत बसलात, तोच शब्द राहू द्या." रात्रभर विचार करून आम्ही तो खोडविला. ती नजरचूक नव्हती. पट भरावा म्हणून जाणूनबुजून वाढविलेले वय होते, असे लिहून आम्ही सही केली. सही करताना हात कापला, हे येथे लपवीत नाही.

मुलाखतीच्या आधी नेमून दिलेल्या डॉक्टरांकडून तपासणी व निराळ्या केंद्रावर बोटांचे ठसे झाले. वकिलात २०११ पर्यंत ब्रीच कँडीस, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात होती. आता वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. पोलादपूरहून रात्रीच्या एस.टी.ने निघून पहाटे पोहोचलो. आत मोबाईल नेता येत नाही, पिशवी नेता येत नाही, सोबत्यासही प्रवेश नाही. फक्त कागदांचे पुडके घेऊन तो आत गेला, आणि त्याची पिशवी मांडीवर घेऊन आम्ही रस्त्यापलीकडे बसलो. परीक्षेच्या वर्गाबाहेर पालक बसतात तसे. इतकी वर्षे आम्ही आतल्या बाजूस होतो.

अडीच तासांनी तो बाहेर आला. उजवा हात वर करून खरे बोलण्याची शपथ द्यावी लागली, व पहिला खडा प्रश्न तारखेचाच आला. अधिकाऱ्याने प्रतिज्ञापत्र दोनदा वाचले. नकार दिला नाही, होकारही दिला नाही. पासपोर्टावरील तारीख दुरुस्त करून आणावी आणि भावाबहिणींनी रक्तसंबंधाची डी.एन.ए. चाचणी करावी, असा कागद हाती दिला. बहिणीने तिकडे, भावाने इकडे नमुने दिले. खर्च बहिणीने सोसला. आम्ही थोडा भार उचलू म्हटले, तर तिने फोनवर आम्हांस रागे भरले. पाच महिन्यांनी व्हिसा लागलेला पासपोर्ट आला. तो व्हिसा थोड्या महिन्यांपुरताच असतो, तेवढ्यात निघावे लागते. जाण्यापूर्वी तो पाया पडावयास आला तेव्हा काय बोलावे हे आम्हांस सुचले नाही.

त्यानंतर आम्ही त्या वाडीवर जाऊन १९८१ चे रजिस्टर पाहावयास मागितले. त्या पानावर निम्म्याहून अधिक मुलांची तारीख १ जून आहे. आमच्या नेमणुका पोलादपूर व महाड या दोन्ही तालुक्यांत झाल्या. सभागृहात आमचे विद्यार्थी बरेच दिसतात. ज्यांची तारीख आम्ही लिहिलेली आहे, त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीतील किंवा नगरपालिकेतील जन्मनोंद एकदा काढून पाहावी. मेळ बसत नसेल तर आमच्याकडे यावे. आम्ही सकाळी नऊनंतर घरीच असतो, आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार आहे.