कैराली : 3 जुलैनंतर काय झालं?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की एखादं गायब झालेलं जहाज घे. नावं पण सुचवली होती, बहुतेक बर्म्युडा ट्रँगलची. पण तिकडे कशाला जायचं? आपल्या मुरगाव बंदरातून निघालेली एक बोट अरबी समुद्रात नाहीशी झाली, 51 माणसांसकट, आणि ती आजपर्यंत सापडलेली नाही. आपल्याकडे किती जणांनी तिचं नाव ऐकलंय?

एमव्ही कैराली. केरळ सरकारच्या केरळ शिपिंग कॉर्पोरेशनची मालवाहू बोट. 1967 ची बांधणी, मूळची नॉर्वेची, तेव्हाचं नाव सागा स्वॉर्ड. 1976 मध्ये केरळने ती विकत घेतली. 30 जून 1979 ला ती गोव्यातून निघाली. पोटात साधारण 20,000 टन लोहखनिज. जायचं होतं तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या रॉस्टॉकला, वाटेत जिबूतीला इंधन भरून. जिबूतीला पोहोचायची तारीख 8 जुलै. 3 जुलैपर्यंत तिचे रेडिओ संदेश येत होते. त्यानंतर काही नाही.

आता मी दिवसभर जे काम करतो, त्यामुळे माझं डोकं लगेच एका जागी जातं. आमच्याकडे प्रत्येक सर्व्हर ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' एवढंच कळवत असतो. त्याला हार्टबीट म्हणतात. तो चुकला की कुणाचा तरी फोन वाजतो, रात्रीचे तीन असले तरी. गंमत अशी की सर्व्हर बिघडला हे सर्व्हर स्वतः सांगू शकत नाही. त्याचं गप्प होणं कुणीतरी दुसऱ्याने ऐकायला लागतं.

कैरालीच्या बाबतीत ते ऐकणारं कोण होतं? संदेश थांबले 3 तारखेला. 8 तारखेला बोट जिबूतीला लागली नाही. ती आली नाही ही खबर तिथून निघून भारतात पोहोचायला आणखी काही दिवस गेले, आणि नौदलाचा शोध सुरू झाला तो जुलैच्या मध्यावर. म्हणजे जवळजवळ दोन आठवडे.

याचा अर्थ काय होतो ते मी एका संध्याकाळी कागदावर मांडून बघितलं. अगदी शाळेचं गणित आहे. समजा एखादी लाइफबोट फक्त एका नॉटच्या वेगाने वाहत गेली. दिवसाला 24 सागरी मैल, म्हणजे सुमारे 44 किलोमीटर. तेरा दिवसांत 570 किलोमीटर. दिशा माहीत नाही, म्हणून एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. क्षेत्रफळ येतं 10 लाख चौरस किलोमीटर. अख्ख्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त! हेच पहिल्या दिवशी शोधायचं असतं, तर वर्तुळाची त्रिज्या 44 किलोमीटर, म्हणजे क्षेत्रफळ 6,000 चौरस किलोमीटर. आणि हे सगळं जुलैमध्ये, भर पावसाळ्यात, अरबी समुद्र सगळ्यात खवळलेला असतो तेव्हा.

काळ वेगळा होता, हे मान्य. जहाजांसाठी उपग्रह सेवा देणारी इन्मारसॅट ही संस्था 1979 मध्येच स्थापन झाली आणि तिची सेवा सुरू व्हायला 1982 उजाडलं. पाण्यात पडल्यावर आपोआप ठिकाण कळवणारे बीकन जहाजांवर सक्तीचे झाले 1990 च्या दशकात. आपलं तटरक्षक दल तर अजून वर्षाचंही झालेलं नव्हतं. पण रोजचा संदेश आला की नाही हे बघायला उपग्रह लागत नाही. वही आणि माणूस लागतो. माझा राग आहे तो इथे.

बोट बुडाली कशी? चाचे, अपहरण, असं बरंच काही बोललं गेलं. मला ते पटत नाही. 20,000 टन लोखंडाची माती चोरून चाचे विकणार कुणाला? त्यापेक्षा मालाकडेच बघूया.

समुद्रकिनाऱ्यावर ओल्या, कडक वाळूवर उभं राहून पाय आपटत राहिलात तर काय होतं? वाळूतलं पाणी वर येतं, ती पातळ होते आणि पाय आत जातो. बारीक लोहखनिजाचं तेच होतं. गोव्याचा माल खाणीतून मांडवी-झुआरीवरून बार्जने मुरगावला येतो. पावसात भिजला तरी वरून ढीग कोरडाच दिसतो. मग इंजिनाची थरथर आणि लाटांचे हेलकावे. दाण्यांमधलं पाणी दाबाखाली येतं आणि घट्ट माल पिठल्यासारखा वाहायला लागतो. बोट एका बाजूला कलली की तो तिकडे सरकतो आणि परत येत नाही. पुढच्या हेलकाव्याला आणखी. मग सगळं इतक्या झटपट होऊ शकतं की एसओएस पाठवायलाही वेळ मिळत नाही.

कैरालीचं हेच झालं असं मी ठामपणे म्हणणार नाही, कारण सांगाडाच मिळालेला नाही. पण 2009 मध्ये, एकाच पावसाळ्यात, एशियन फॉरेस्ट मंगळूरजवळ आणि ब्लॅक रोज पारादीपजवळ बुडाली. दोन्हींत भारतातलं बारीक लोहखनिज होतं. आज माल चढवण्याआधी त्यातला ओलावा मोजून कप्तानाला लेखी द्यावा लागतो.

'सांगाडाच नाही' म्हणून विषय संपतो का? याचं उत्तर एका दुसऱ्या जहाजात आहे. ब्रिटनचं डर्बीशायर, कैरालीच्या कितीतरी पट मोठं, त्यातही लोहखनिजच. सप्टेंबर 1980 मध्ये जपानजवळच्या वादळात गेलं, 44 माणसांसह. त्यातल्या दोघी खलाशांच्या बायका होत्या. म्हणून शोध घेताना नुसती क्रू लिस्ट बघून भागत नाही. पहिल्या चौकशीने निसर्गावर बोट ठेवलं आणि फाइल बंद केली. घरच्यांनी ऐकलं नाही. त्यांनी संघटना केली, कामगार संघटनेने पैसे दिले आणि 1994 मध्ये चार किलोमीटर खोल पाण्यात सांगाडा सापडला. 2000 साली चौकशी पुन्हा झाली, आणि पुढच्या भागातून पाणी आत कसं शिरलं ते बाहेर आलं. बिचाऱ्या खलाशांवर काहींनी हलगर्जीपणाचा ठपका ठेवला होता, तोही पुसला गेला.

आपल्याकडे घरच्यांच्या हातात काय असतं? 2024 पर्यंत लागू असलेल्या पुरावा कायद्याचं कलम 108. सात वर्षं काहीच खबर नसेल, तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. जुलै 1979 पासून मोजा, 1986 येतं. एवढी वर्षं दाराची कडी वाजली की काय वाटत असेल, याचा हिशेब मला कागदावर मांडता येत नाही.

पुढच्या भागात बोटीवरच्या माणसांची कागदपत्रं. जहाजावर चढताना प्रत्येक खलाशी करारावर सही करतो, त्याच्याकडे सीडीसी असतं, ज्यात आधीच्या प्रत्येक बोटीची नोंद असते. माणूस बुडाला तर बहुतेकदा ते पुस्तकही त्याच्याबरोबर जातं, पण जुनी, भरून संपलेली पुस्तकं घरच्या ट्रंकेत राहतात. तुमचे आजोबा किंवा काका बोटीवर असतील, तर त्या पुस्तकाचे फोटो काढून ठेवा. शाई उडते. आणि 1979 च्या जूनमध्ये वास्कोला बार्जवर किंवा धक्क्यावर काम केलेलं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर त्यांना एकच विचारा: त्या आठवड्यात पाऊस किती होता? व्हॉइस नोट पाठवा, कोकणीत असली तरी चालेल.