सुईणीचं नाव कुठल्या रकान्यात?

(नळदुर्ग येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



वैद्यकाच्या इतिहासावरच्या एका परिषदेला आपण निबंधाचा गोषवारा पाठवणार आहोत. विषय, आपल्या भागातल्या सुईणी. शब्द तीनशे, तेही इंग्रजीत. "आपण काय डॉक्टर आहोत?" असं काहीजणींनी मला विचारलं.

आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या हे आपण शाळेत शिकलो. पण 1886 मध्ये फिलाडेल्फियाला पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध दिला, तो होता आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. म्हणजे वैद्यकाचा इतिहासच की! चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. त्या बाईने हा विषय उगाच नाही निवडला. त्यांनी आधार घेतला जुन्या ग्रंथांचा. आपल्याकडे ग्रंथ नाही, बाई आहे. तिला पुरावा मानायचं की नाही, एवढाच वाद आहे.

नळदुर्गचा इतिहास म्हणजे किल्ला, पाणीमहाल, फार तर 1853 नंतर इथे अधिकारी असलेला मेडोज टेलर. मधली थोडी वर्षं सोडली तर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. दप्तर हैदराबादला, आधी फारसीत, मग उर्दूत. तिथल्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी क्लोरोफॉर्म देण्यात नावाजल्या. त्यांचं नाव सापडतं, कारण त्या दप्तरात होत्या. आपल्या सुईणीची नोंद कुणी करायची?

आता जरा अवघड भाग. बाळंतपण म्हणजे विटाळ, म्हणून नाळ कापणं, वार पुरणं, रक्ताची धुणी धुणं हे बहुतेक ठिकाणी मांग-महार बायांच्या वाट्याला आलं. मोबदला पायली-दोन पायली ज्वारी, एखादं लुगडं. जिच्या हातात बाळंतिणीचा जीव, तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं. नुसतं 'पारंपरिक ज्ञान' असं गोड लिहिलं तर हे सगळं झाकलं जातं. आणि विळ्याने नाळ कापल्यावर धनुर्वाताने मुलं गेली, तेही झाकायचं नाही. आपण आरती लिहीत नाही.

सरकारने या बायांना प्रशिक्षण दिलं, पेट्या दिल्या. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गावात आशा आली, दवाखान्यातल्या बाळंतपणाला पैसे मिळू लागले. बायकांचे जीव वाचतात, त्याला आपला विरोध नाही, असूही नये. पण पेटी फळीवर ठेवून ती बाई खुरपायला गेली, आणि पायाळू मूल पोटावर हात ठेवून ओळखायचं कसं, हे तिच्याबरोबरच चाललं आहे. आपण ज्यांच्याशी बोललो त्यातली एकही सत्तरीच्या आतली नाही.

फॉर्मवर एक रकाना आहे: लेखक. माझं म्हणणं, तिथे त्यांचीही नावं जावीत. 'माहिती देणाऱ्या' म्हणून तळटीपेत नकोत. परिषदेला चालेल का? विचारून तर बघू. नाही म्हणाले तर त्यांनी तसं लेखी कळवावं.

पण त्यावर दोघीजणी दोन गोष्टी बोलल्या. एक म्हणाली, "नाव घाला, जात घालू नका. नातीचं लगीन व्हायचंय." दुसरी म्हणाली, "नाव कशाला? जात घाला. काम जातीनंच करून घेतलं की." दोघींचंही खरं आहे, आणि माझ्यापाशी याला एक उत्तर नाही. म्हणून जिचं तिने ठरवायचं. जात निबंधात येईल ती कामाची हकीकत सांगताना. कुणाच्या नावापुढे तिच्या संमतीशिवाय लागणार नाही.

गोषवारा आधी मराठीत लिहिला आहे. आता सावकाश वाचते. त्या दोघी पुढे बसल्या आहेत, आणखी चौघी आल्या आहेत. जिला जे वाक्य नको असेल, तिने तिथेच हात वर करावा. ते खोडू, आणि मगच इंग्रजी करायला घेऊ.